मास्तरांचा यंदाचा आवाज

शिंपिणीला सुईत दोरा ओवताना कुणी कधी पाहिलं नव्हतं. नवऱ्याच्या शर्टाचं बटण तुटलं की सुई त्याच्याच हातात द्यायची आणि म्हणायची, "अहो, हे तुमचं तुम्ही बघा, मला कामं आहेत." तरी ऑफिसात सगळे तिला शिंपीणच म्हणायचे, कारण ती आवाज शिवायची. आता आवाज कसा शिवतात ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं मुसळ केरात.

तिच्या ऑफिसात फुटबॉलचा गेम बनायचा. टीव्हीला जोडून खेळतात ना, तो. खेळणारे सोफ्यावर बसून बटणं दाबतात, पडद्यावर खेळाडू पळतात आणि मागून एक माणूस कॉमेंट्री करत असतो. हा माणूस काही त्यांची मॅच बघत नसतो. कुठल्या घरात कोण कधी गोल मारणार, हे त्याला बापजन्मी कळणार नाही. म्हणून त्याच्याकडून आधीच तुकडे बोलून घेतात. प्रत्येक खेळाडूचं नाव एकदा साधं, एकदा चढत्या आवाजात, एकदा ओरडून. मग आकडे. मग "चेंडू घेतला", "बाहेर गेला", "काय मारलाय" असले हजारो. गेम चालू झाला की यंत्र त्यातले तुकडे उचलून वाक्य जुळवतं. ते जुळवलेलं वाटू नये, एका दमात बोललेलं वाटावं, म्हणून तुकड्यांची टोकं कापायची, श्वास सारखे करायचे, चढउतार बसवायचे, हे शिंपिणीचं काम. कुठं टाका दिसला की काम फसलं.

आणि तो बोलणारा माणूस तिचाच नवरा. त्यांना ऑफिसात मास्तर म्हणत, कारण मूळचे ते शाळेत खेळ शिकवणारे. घरी शिंपीण बोलते नि मास्तर ऐकतात, ऑफिसात मास्तर बोलतात नि शिंपीण कापते, म्हणजे मास्तरांचं दोन्हीकडे सारखंच, हा विनोद तिथं इतका जुना होता की नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात ऐकवून मोकळे व्हायचे.

दोघांची गाठही आवाजानंच पडली होती. शाळेच्या मैदानावर शर्यती होत्या आणि शिंपीण भावाच्या दुकानातून लाउडस्पीकर लावायला आली होती. वायर गुंडाळता गुंडाळता तिनं मास्तरांना माइकवर ऐकलं. जिंकणाऱ्याचं नाव कुणीही खणखणीत घेतं हो. मास्तर शेवटी रखडत आलेल्या पोराचं नाव असं काही घेत होते की त्या पोराची मान वर झाली. शिंपिणीनं तिथंच मनाशी ठरवून टाकलं. पुढं तिच्या भावानं "अगं, पण पगार किती त्याचा?" वगैरे विचारून पाहिलं, पण ती ऐकते कुणाचं.

गेमची कंपनी एका बाईंची. सगळे त्यांना नुसतं बाईच म्हणत. ड्रायक्लीनिंगच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्यांनी धंदा मांडला होता, आणि पहिला गेम करायला सगळ्यांनी मिळून तीन वर्षं घेतली. मास्तर कॅनव्हासचे बूट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून माइकसमोर उभे राहायचे. शिट्टी वाजवायची नसायची, पण ती नसली तर त्यांना बोलायला सुचत नसे. घड्याळ काढून ठेवायचं, खुर्ची बाहेर काढायची, कारण तिची कुरकुर माइकला ऐकू जाते. तोंड कोरडं पडलं की आंबट सफरचंदाची फोड खायची, म्हणजे जिभेचा चटचट आवाज येत नाही. तीन वर्षांनी गेम आला आणि लोकांनी डोक्यावर घेतला. मास्तरांचा "गोल" गल्लीबोळात पोरं ओरडायला लागली.

मग बाईंनी ठरवलं, दरवर्षी नवा गेम काढायचा. नाव तेच, पुढचा आकडा बदलायचा. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "दुकान एक दिवस बंद ठेवलं की गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं. गेलेलं गिऱ्हाईक तिथला चहा प्यायला की परत येत नाही." त्यात काही खोटं नव्हतं. दरवर्षी त्याच आठवड्यात गेम यायचा, दरवर्षी लोक घ्यायचे, दोन खोल्यांचे दोन मजले झाले, नव्वदेक माणसांची घरं त्यावर चालायला लागली.

फक्त एक होतं. वर्षभरात नवं असं फारसं काही करता यायचं नाही. गेम आला की आठ दिवस सुट्टी, आणि सुट्टीवरून आलं की पुढच्याची घाई. कुणी काही सुचवलं की उत्तर ठरलेलं, "पुढच्या वर्षी बघू." प्रेक्षकांचे चेहरे बदलायचे होते, पुढच्या वर्षी. गोलकीपर कधीकधी खांबात अडकायचा, पुढच्या वर्षी. मास्तरांकडून नव्या खेळाडूंची नावं आणि थोडीशी नवी वाक्यं घ्यायची, बाकी सगळं जुन्यावर भागवायचं.

माणसाचा आवाज मात्र पुढच्या वर्षीची वाट बघत थांबत नाही. शिंपिणीला ते सगळ्यांच्या आधी कळलं. वर्षानुवर्षं ज्याचे श्वास कापले, त्याचा श्वास जड झालेला तिला कळणार नाही तर कुणाला. मास्तरांचा आवाज खाली उतरत होता, त्याला थोडी खरखर येत होती. एका वर्षी घाईत तिचा टाका दिसला. "चेंडू घेतला" हे पहिल्या गेममधले मास्तर म्हणाले आणि पुढचं खेळाडूचं नाव यंदाच्या मास्तरांनी घेतलं. खेळणाऱ्यांच्या ते लगेच लक्षात आलं. इंटरनेटवर कुणीतरी लिहिलं, "मधेच आजोबा मैदानात येतात." झालं, लोकांना तेवढंच हवं असतं. त्याची चित्रं निघाली, काठी टेकत कॉमेंट्री करणारे आजोबा.

बाईंनी शिंपिणीला विचारलं, "हे काय झालं?"

"माइक खराब होता," शिंपीण म्हणाली.

त्या वर्षापासून तिनं नवीन रेकॉर्डिंग गेममध्ये घालणंच सोडून दिलं. मास्तर यायचे, शिट्टी अडकवायचे, सफरचंद खायचे, मन लावून बोलायचे. शिंपीण काचेपलीकडून मान हलवायची, "छान झालं" म्हणायची. मग ते घरी गेले की जुन्या मास्तरांची अक्षरं तोडून जोडून त्याच नव्या नावांची जुळणी करायची. जुनी वाक्यं तर होतीच. काम नाजूक होतं आणि ती त्यात पटाईत होती. मास्तरांना स्वतःचा गेम खेळायची सवय नव्हती, "आपलं बोलणं आपण काय ऐकायचं" म्हणायचे. तीन वर्षं कुणालाच पत्ता लागला नाही.

तिला त्यात पाप वाटत होतं का? थोडं वाटत होतं. पण आवाज उतरला हे बाईंना कळलं तर त्या दुसरा माणूस आणतील, आणि शाळा सोडून आलेले मास्तर घरात बसून करणार काय, ही भीती मोठी होती. आणि खरं सांगायचं तर तिला स्वतःलाच तो आवाज म्हातारा व्हायला नको होता. रोज हेडफोन लावले की मैदानावरचा तो तिशीतला माणूस तिच्या कानाशी यायचा. तो तिला सोडवत नव्हता.

यंदा मास्तर एक नवीन वाक्य घेऊन आले. पेनल्टी हुकली की जुन्या गेममध्ये ते ओरडायचे, "अरेरे, घालवली! हातची घालवली!" मास्तर म्हणाले, "अगं, हुकलेल्या माणसावर असं ओरडत नाहीत. तेव्हा मी तरुण होतो, मला कळत नव्हतं." आणि माइकजवळ तोंड नेऊन, अगदी खालच्या आवाजात, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तसं ते म्हणाले, "जाऊ दे रे पोरा. होतं असं."

शिंपिणीनं ते ऐकलं आणि तिला क्षणभर काही करावंसं वाटेना. फार सुंदर होतं ते. पण त्याच्या आधी खेळाडूचं नाव येणार, ते जुन्या आवाजातलं. पुढं "अजून वेळ आहे" येणार, तेही जुनं. मधे हे बसवलं की पुन्हा आजोबा. तिनं ते बाजूला ठेवलं आणि "हातची घालवली" तसंच राहू दिलं. मास्तर मात्र घरी आठवडाभर खुशीत होते. "यंदा पेनल्टी ऐक तू," दोघातिघांना सांगूनही झालं.

गेम बाजारात आला. पंधरा-वीस दिवसांनी एका सकाळी मास्तर केस कापायला गेले आणि लवकरच परत आले. शिंपिणीनं दार उघडलं आणि तिला हसूच आलं. मास्तरांचा एक कल्ला नीट कापलेला, दुसरा तसाच कानाखाली लोंबत होता.

"अहो, हे काय? न्हाव्याशी भांडलात की काय?"

मास्तर खुर्चीवर बसले. चप्पल काढली, ती पुन्हा सरळ करून ठेवली. मग सांगितलं. न्हाव्याकडं वाट बघणाऱ्या लोकांसाठी टीव्ही होता, त्यावर दोघंजण यंदाचाच गेम खेळत होते. एकाची पेनल्टी हुकली. मास्तर कान टवकारून बसले. आणि टीव्हीतून आवाज आला, "अरेरे, घालवली! हातची घालवली!" न्हावी कात्री थांबवून कौतुकानं म्हणाला, "मास्तर, मानलं तुम्हाला. इतक्या वर्षांत आवाजात काडीचा फरक नाही."

"मग मी उठलो," मास्तर म्हणाले. "तो मागून हाका मारत होता."

शिंपीण उभीच होती. मास्तरांनी तिच्याकडं पाहिलं, रागानं नाही.

"अगं, त्या गेममध्ये मी केव्हापर्यंत आहे?"

खोटं बोलायला जागाच नव्हती. "तीन वर्षांपूर्वीपर्यंत," ती म्हणाली.

मग शिंपिणीनं सगळं सांगितलं, आजोबांच्या चित्रांपासून. ती चित्रं मास्तरांनी पाहिली होती, उलट त्यांना गंमत वाटली होती. "मला म्हातारा म्हणाले त्यात काय, मी आहेच," ते म्हणाले. "पण तीन वर्षं मी तिथं जाऊन उभा राहतो, घसा कोरडा करतो, आणि तू काचेतून मान हलवतेस. मी कुणाशी बोलत होतो?"

शिंपिणीला रडू आलं. मास्तरांनी ते येऊ दिलं, समजूत घालायला आले नाहीत. तो राग असा होता. नंतर ते एवढंच म्हणाले, "बाईंना सांग. काढलं तर काढू देत. पण नसताना आहे म्हणून मिरवायची लाज वाटते मला." आणि स्वतः आरशासमोर उभे राहून दुसरा कल्ला कापू लागले. तो वाकडाच कापला गेला.

दुसऱ्या दिवशी शिंपीण बाईंच्या केबिनमध्ये गेली. बाई विक्रीचा आलेख बघत होत्या. पहिली दहा वर्षं चढत गेलेली रेघ आता दरवर्षी थोडी खाली बसत होती.

"बाई, माइक खराब नव्हता," शिंपीण म्हणाली.

"कुठला माइक?"

"तो आजोबांच्या वेळचा. मास्तरांचा आवाज उतरलाय. तेव्हापासून मी जुनाच आवाज घालतेय."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही दुसरा माणूस आणला असता."

"आणला असता," बाई म्हणाल्या. "आजही आणीन."

"आणा. पण त्याच्याकडूनही सगळे तुकडे नव्यानं घ्यावे लागतील. ते एका वर्षात बसत नाही. मास्तर असोत नाहीतर आणखी कुणी, एक वर्ष गेम न काढता काम करावं लागेल."

"मग जुनंच चालू दे. तक्रार कुठं आहे कुणाची?"

"तक्रार नाही, आणि कौतुकही नाही," शिंपीण म्हणाली. "रोज मरे त्याला कोण रडे, तसं झालंय आपलं. लोक घेतात ते सवयीनं घेतात, आणि सवय काय, सुटते. बाई, पहिला गेम करायला आपण तीन वर्षं दिली. त्या तीन वर्षांत जे कमावलं, त्याच्यावर आजपर्यंत खातोय. शिळ्या कढीला किती वेळा ऊत आणायचा?"

बाईंना ते झोंबलं. "बोलायला सोपं आहे. नव्वद घरं आहेत. वर्षभर काही विकलं नाही तर त्यांना काय तुझी वाक्यं वाढू?" शिंपीण उठली. दारापाशी गेल्यावर बाईंनी विचारलं, "मास्तर यंदा काही नवं बोललेत का? का तेही फेकून दिलंस?"

शिंपिणीनं पेनल्टीचं वाक्य बाईंच्या कॉम्प्युटरवर लावलं. "जाऊ दे रे पोरा. होतं असं." बाईंनी एकदा ऐकलं, मग परत लावायला सांगितलं. "हे गेममध्ये नाही?"

"शेजारचं सगळं जुनं आहे. जुळत नाही."

"जा आता, काम करू दे मला," बाई म्हणाल्या.

पुढं बरेच दिवस काहीच हललं नाही. मास्तर घरीच होते, सकाळी फिरून यायचे, पेपर वाचायचे, शिंपिणीशी कामापुरतं बोलायचे. ती रोज डबा भरताना विचार करायची की आपण दोन्ही हातांनी घालवलं, नवऱ्याचं कामही आणि नवराही.

मग एका दुपारी बाईंनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, येत्या वर्षी गेम येणार नाही. हिशेब बघणाऱ्यांनी डोक्याला हात लावला. दोघंतिघं तर समोरच्या कंपनीत निघूनही गेले. दुसऱ्या कंपन्यांच्या गेमची छोटी कामं घेऊन पगार कसेबसे भागवायचे ठरले. "बुडालो तर मी शिंपिणीचं नाव सांगणार आहे," बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, आणि त्या मस्करी करत नव्हत्या. शेवटी म्हणाल्या, "आणि मास्तरांना बोलवा. हुकलेल्यांशी बोलणारा दुसरा माणूस मी शोधत बसणार नाही."

मास्तर आले. पण रेकॉर्डिंगच्या आधी त्यांनी एक अट घातली. जुने तुकडे काढून टाकायचे. "ते राहिले तर घाईच्या दिवशी तुझा हात तिकडंच जाईल. मी ओळखतो तुला." शिंपिणीला हे सगळ्यात जड गेलं. हेडफोन लावून तिनं पहिल्या गेममधला "गोल" एकदाच ऐकला, शेवटपर्यंत, त्यामागचा श्वाससुद्धा. आणि सगळं पुसून टाकलं. कुणाला दिसू नये म्हणून ती थोडा वेळ पाठ करून बसली, पण मास्तरांना काचेतून दिसत होतं. ते आत आले आणि त्यांनी तिच्यापुढं सफरचंदाची फोड धरली. तिनं ती घेतली.

मग वर्ष कामात गेलं. नव्या आवाजाला नवी मापं लागली. मास्तर दोन शब्दांच्या मधे थांबायचे, ते थांबणं शिंपीण आधी सवयीनं कापायची, पुढं कापेनाशी झाली. गोलकीपरला खांबातून सोडवलं. प्रेक्षकांना चेहरे मिळाले. सगळ्यांनी "पुढच्या वर्षी" म्हणून ठेवलेलं एकदाचं बाहेर काढलं, भांडले, काही जमलं, काही नाही.

गेम आला तेव्हा पहिल्या आठवड्यात विक्री नेहमीपेक्षा कमीच झाली. समोरच्या दुकानात गेलेले काही परत आले नाहीत, बाईंचं म्हणणं तेवढं खरं निघालं. पण दरवर्षी महिन्याभरात थंड पडायचा तसा हा पडला नाही, हळूहळू विकत राहिला. आता त्यानं कंपनी तगेल का, हे कळायला आणखी काही वर्षं जावी लागतील. बाईंनी तर दुसऱ्याच महिन्यात विचारलं, "मग, पुढचा केव्हा?" शिंपिणीनं ऐकू न आल्यासारखं केलं.

आणि मास्तर केस कापायला गेले. आले तेव्हा दोन्ही कल्ले सारखे होते. शिंपीण ओट्यापाशी भाजी चिरत होती. मास्तर आत येऊन तिच्या मागं उभे राहिले.

"न्हाव्यानं ऐकलं. पेनल्टी हुकली होती कुणाची तरी."

"मग? काय म्हणाला?"

"म्हणाला, मास्तर, घशाला काही झालंय का? पूर्वीसारखा नाही राहिला आवाज. म्हातारे झालात तुम्ही."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, कान शाबूत आहेत तुझे."

त्यांचा चेहरा असा फुलला होता की जणू शर्यतीत पहिले आले असावेत. मग त्यांनी लांबच्या गावी नोकरी करणाऱ्या लेकीला फोन लावला आणि हेच सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं, न्हाव्याचा आवाज काढून, मधेमधे थांबत, थोडं मीठमसाला लावत. शिंपिणीनं सुरी बाजूला ठेवली आणि ते शेवटपर्यंत ऐकलं.